चि. मीनलला, नव्या पदाच्या निमित्ताने

महाल, नागपूर

चि. मीनल,

अनेक उत्तम आशीर्वाद.

प्र-कुलगुरू झाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि माझ्या तोंडून आधी निघालं, "मग तुझ्या विषाणूंच्या लॅबचं काय?" तू म्हणालीस, फोन आईला द्या. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतो आहे. लॅबचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलो आहे.

आईने इतवारीतून पेढे आणून गल्लीभर वाटले. सुमाआत्या सगळ्यांना "आमची कुलगुरू" म्हणून सांगून राहिली. मीही तिला अडवलं नाही. या घरात असा दिवस येईल, असं वाटलं नव्हतं.

कामाचं दोन शब्दांत सांगतो. टिपणी पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. मागची तारीख कधीही टाकू नकोस, समोर कोणीही उभा असो. निकाल लांबला की मोर्चा येतो, तेव्हा मुलांना खाली जाऊन भेट, वरून निरोप पाठवू नकोस. आणि संशोधन करणाऱ्या पोरींच्या फेलोशिपच्या फायली आधी काढ. त्या महिनोन्‌महिने पडून राहतात, हे मी परीक्षा विभागात असताना शेजारच्या टेबलावर पाहिलं आहे. तुझ्यासारखी माणसं तिथे हवीतच, त्यात मला शंका नाही.

पण त्याच इमारतीत वनस्पतीशास्त्राचे एक सर होते. पदावर आले तेव्हा टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला होता. पुढे त्याच्याच बाजूला आवक टपालाचे गठ्ठे लागू लागले, मग तो कपाटात गेला. मुदत संपून विभागात परतले तोवर त्यांचे विद्यार्थी दुसऱ्या गाइडकडे गेले होते. तुझी मुदतही कुलगुरूंबरोबरच संपणार. नंतर काय?

निघालाच विषय. आता बोलूनच टाकतो.

१९६५ साली मी मॅट्रिकला होतो. घरोघरी ताप, आणि सांधे असे धरायचे की आजीला जिना उतरवत नव्हता. त्याच साली नागपुरातल्या दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तुझा विषाणू सापडला, आणि इथल्याच चांदीपुरा गावावरून त्याचं नाव पडलं. पुढे कितीतरी वर्षं त्याला कोणी फारसं विचारलं नाही. मग २००३ आलं. आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. तू तेव्हा पुण्याला पीएच.डी. करत होतीस. रात्री फोन करून म्हणालीस, "बाबा, सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी नसतं." आवाज बसला होता तुझा. मग म्हणालीस, नाव आपल्या गावचं आहे, काम मीच करणार. हा विषाणू पसरवणारी वालुमाशी मातीच्या भिंतीच्या भेगांत राहते म्हणून पारशिवनीच्या घराच्या भिंती टॉर्च घेऊन तपासत बसली होतीस, आणि काकू दारातून ओरडत होती.

२०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच झालं. अजून लस नाही, औषध नाही. म्हणून जीव तुटतो, मीनल. प्राचार्य, संचालक, कुलगुरू पुष्कळ मिळतील. या विषाणूपाशी बसलेली माणसं किती आहेत?

ॲलिस ह्वांग आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांचं तूच मला सांगितलं होतंस. १९७० मध्ये दोघांनी चांदीपुराच्या भावकीतल्याच विषाणूवर काम केलं, तो आपलं पॉलिमरेज, म्हणजे स्वतःच्या नकला काढायचं यंत्रच, सोबत घेऊनच पेशीत शिरतो हे दाखवलं. पुढे ह्वांग न्यूयॉर्क विद्यापीठात विज्ञान शाखेची डीन झाली. बाल्टिमोर १९९७ ते २००६ कॅलटेक या अमेरिकेतल्या विज्ञान संस्थेचा अध्यक्ष होता आणि तेव्हाही त्याची प्रयोगशाळा चालू होती. म्हणजे जमतं. पण आपोआप जमत नसणार, कोणीतरी दिवस राखून ठेवला असेल.

व्याख्यान झालं, रागावू नकोस. तुझ्या कामातलं मला काय कळतं, मी टपाल नोंदवणारा माणूस. तरी नोंदवहीतलं एक कळतं: जे लिहिलेलं नसतं, ते होत नाही. गुरुवार लॅबचा, असं स्वीय सहायकाकडून वेळापत्रकात छापून घे. बैठक लागली तर बैठक पुढे ढकल.

पोळ्याला येशील ना? आदित्यच्या परीक्षेनंतर ये, म्हणजे धावपळ होणार नाही. आईची शुगर ठीक आहे, पेढे तिने दोनच खाल्ले.

गुरुवारचं काय ठरलं ते कळव.

तुझा,
बाबा