बरोबरी नाकारल्याबद्दल

प्रिय इचलकरंजीकर,

तुझं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तू फोन उचलणं बंद करशील आणि घरी सांगशील, "त्या मिरजेच्या मास्तरला म्हणावं, आभाराचे बॅनर लावायला मी काय नगरसेवक हाय?" तोंडावर बोलायला गेलं की तू विषय यंत्रमागाच्या वीजबिलावर नेतोस. म्हणून चारचौघांत लिहितोय, म्हणजे मध्येच तोडता येणार नाही.

परवा बुद्धिबळाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत बरोबरी झाली आणि माझा पहिला आयएम नॉर्म झाला, म्हणजे इंटरनॅशनल मास्टर या किताबाकडं जाणारी पहिली पायरी. चाळीस चाली झाल्यावर प्रस्ताव ठेवला. समोरच्यानं घड्याळ बघितलं, पट बघितला आणि हात पुढं केला. चांगला माणूस होता. तुझ्यासारखा नव्हता.

संध्याकाळपासून फोन वाजतोय. जे लोक माझ्या आईला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर जायचे, त्यांचेही मेसेज आले. एका अकादमीनं माझा जुना फोटो शोधून काढलाय आणि खाली 'आमचा विद्यार्थी' असं लिहिलंय. याच अकादमीच्या दारात मी लहान असताना माझा फ्लेक्स होता, माझ्या उंचीपेक्षा मोठा. मी हरायला लागलो तेव्हा आधी फ्लेक्स गेला, मग फीची सवलत गेली आणि शेवटी सरांनी फोनवर आईला सांगितलं की पोरात खेळ आहे, पण जिगर नाही. आता जिगर कुठून आली हे त्यांनी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तुझा पत्ता दिला असता.

लहानपणी सगळं सोपं होतं, हे तुला माहीत आहे. तू तेव्हा माझ्याकडून दर सुट्टीत हरायचास. सांगलीच्या उन्हाळी स्पर्धांना पॅरापेटवर बसून आपण उसाचा रस प्यायचो आणि तुझे काका म्हणायचे, हे पोरगं विशीच्या आत ग्रँडमास्टर होतंय बघा. घरात शाली इतक्या झाल्या की आईनं त्यांच्या गोधड्या शिवल्या. मग प्रत्येक महिन्याची १ तारीख यायला लागली. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, रेटिंगची यादी लागते त्या दिवशी आमच्या घरात निकालाच्या दिवसासारखं वातावरण असायचं. अठराच्या आतल्या, २३०० रेटिंगच्या खालच्या खेळाडूला के फॅक्टर, म्हणजे प्रत्येक निकालानं रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा, ४० असतो. म्हणजे चढताना भराभर चढतो तसाच घसरतानाही भराभर घसरतो. चढताना हे गणित कुणी सांगितलं नाही. उतरताना मात्र प्रत्येक नातेवाइकाला ते पाठ होतं.

पुढचं मी इथं फार लिहिणार नाही. रात्र रात्र मोबाइलवर एक-एक मिनिटाचे डाव, हरलो की पुन्हा, जिंकलो तरी पुन्हा, पहाटे डोळे चुरचुरायला लागेपर्यंत. स्पर्धेत बसलो की चाल लिहिताना हात असा थरथरायचा की स्कोअरशीटवरची माझी चाल मलाच वाचता यायची नाही. एका स्पर्धेतून फेरी अर्धवट टाकून घरी आलो आणि त्यानंतर पट कपाटात गेला. कॉलेज सुटलं. बोलणंही जवळजवळ सुटलं. डॉक्टरांनी त्या सगळ्याला एक नाव दिलं, औषधं दिली, ती अजून चालू आहेत. त्यांचे आभार वेगळे मानलेत, पेढेही पोचलेत.

त्या काळात घरी येणाऱ्या शहाण्या माणसांकडं एक ठरलेलं वाक्य असायचं: "फिशर पण असाच होता." म्हणताना चेहऱ्यावर कौतुक! जणू माझी झोप उडाली हे माझ्या बुद्धीचं प्रशस्तिपत्रक. चौदाव्या वर्षी अमेरिकेचा विजेता, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, १९७२ मध्ये विश्वविजेता, हे सगळ्यांना तोंडपाठ. पुढची वीस वर्षं तो एकही अधिकृत डाव खेळला नाही, नंतर रेडिओवर जे बरळला ते ऐकवत नाही, आणि २००४ मध्ये जपानच्या विमानतळावर पकडला जाऊन महिनोन् महिने कोठडीत पडला, हे कुणी सांगायचं नाही. हुशार माणूस वेडा असतो, असं एकदा ठरवून टाकलं की त्याच्या शेजारी बसायची जबाबदारी राहत नाही. सोयीचं आहे.

तू हुशारीबद्दल कधी काही बोलला नाहीस. तू रविवारी यायचास, हातात भडंगाची पुडी, आणि आमच्या सोफ्यावर बसून कारखान्याच्या कटकटी सांगायचास. सूत महागलं, जॉबर पळाला, म्हशीला रेडकू झालं. मी ऐकतोय की नाही याची तू फिकीर केली नाहीस. पट कुठाय, असंही विचारलं नाहीस. असं किती महिने चाललं ते तुलाही आठवत नसेल. मग एक दिवस म्हणालास, "अमुक तारखेला ओपन स्पर्धा हाय. तुझी फी भरलीया. येणार नसलास तर माझे पैसे बुडले." त्या बुडणाऱ्या पैशांसाठी मी आलो. लेका, तुला माणूस कळतो.

आणि तिसऱ्या फेरीला भिंतीवरच्या यादीत आपली दोघांची नावं समोरासमोर.

ओळखीच्या दोघा-तिघांनी तुला पाण्याच्या टाकीपाशी गाठलेलं मी लांबून बघितलं होतं. काय म्हणाले ते ऐकायला जवळ असायची गरज नव्हती. देऊन टाक अर्धा गुण, किती दिवसांनी आलंय पोरगं. त्यांचंही काही वाईट नव्हतं. मलाही तेच हवं होतं. दीड तास आणि चालीला तीस सेकंद जादा, एवढा वेळ त्या खुर्चीत बसून राहणं हीच तेव्हा माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. तुझी पांढरी मोहरी होती. चौतिसाव्या चालीला पटावर दोघांचा एक-एक हत्ती, प्याद्यांची थोडी गर्दी, असं चित्र होतं. तुझं किंचित बरं, पण बरोबरी घ्यावी असंच. मी चाल केली, "बरोबरी?" म्हणालो आणि घड्याळ दाबलं. पेन धरलेला हात मांडीखाली दाबून ठेवला होता, तो तुला दिसला असणार.

तू बराच वेळ घेतलास. मग माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणालास, "न्हाई. खेळ की." आणि राजाच्या बाजूचं प्यादं एक घर पुढं सरकवलंस.

मला आभार मानायचे आहेत ते एवढ्यासाठीच. फीचे पैसे, रविवार, भडंग, सगळं आहेच. पण ते 'न्हाई' नसतं तर बाकीच्याचं काय झालं असतं, मला माहीत नाही.

तेव्हा मला जो राग आला, तसा कित्येक दिवसांत आला नव्हता. मित्र म्हणवतो आणि माझ्याकडून, या अवस्थेतल्या माझ्याकडून, जिंकायला बघतो? त्या रागात मी मांडीखालचा हात बाहेर काढला आणि चाल लिहिली. स्वच्छ, वाचता येईल अशी. कितीतरी दिवसांनी मी पट बघत होतो तो नीट बघत होतो, हरायला लागू नये म्हणून नव्हे, तुला धडा शिकवायचा म्हणून. पुढचे दोन तास मला ना आई आठवली, ना यादी, ना सर. तुझा तो एक प्यादा आणि माझा हत्ती, बस्स.

आणि तू जिंकलास. जिंकलास तेही लुसेनाच्या पोझिशननं! आपलं प्यादं सातव्या ओळीत, त्याच्या पुढं आठव्या ओळीत आपलाच राजा अडकलेला, आणि राजा बाहेर पडला की समोरचा हत्ती शहावर शह देतो. मग आधीच आपला हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवायचा, राजाला हळूहळू खाली उतरवायचं आणि शेवटचा शह आला की तोच हत्ती मध्ये आडवा घालायचा. पूल बांधणं म्हणतात याला. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर, चुंबकाच्या छोट्या पटावर हे तुला कुणी शिकवलं होतं? तेव्हा तुझ्या डोक्यात शिरत नव्हतं म्हणून मी तुला टपली मारली होती. तू पूल बांधलास तेव्हा मी बघत राहिलो. एकही चाल चुकली नाही. राग कधी गेला कळलं नाही, उलट हसू यायला लागलं.

(जाता जाता, अकादमीवाल्यांसाठी: लुसेना या स्पॅनिश लेखकाचं पुस्तक १४९७ चं, पण ही पोझिशन त्या पुस्तकात नाहीच. ती पहिल्यांदा छापली गेली १६३४ मध्ये, साल्व्हिओ या इटालियन लेखकाच्या पुस्तकात. काम एकाचं आणि फ्लेक्सवर नाव दुसऱ्याचं, ही रीत जुनी आहे.)

हात मिळवल्यावर तू "सॉरी" म्हणाला नाहीस. "बरा खेळलास" असंही म्हणाला नाहीस. म्हणालास, "सव्विसाव्या चालीला उंट का घेतला न्हाईस?" मग आपण बाहेरच्या टेबलावर तो डाव पुन्हा मांडला आणि भांडत बसलो, वॉचमननं दिवे घालवेपर्यंत. घरी जाताना आईनं निकाल विचारला. हरलो, असं मी इतक्या आनंदात सांगितलं की ती घाबरली.

फिशरवाल्यांना मी आता १९७२ ची दुसरी बाजू सांगतो. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये, विश्वविजेत्या स्पास्कीविरुद्ध, फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. स्पास्की २-० नं पुढं. तो विमान धरून मॉस्कोला गेला असता तर मुकुट त्याचाच राहिला असता आणि कुणी नावं ठेवली नसती. फिशरनं हट्ट धरला की कॅमेऱ्यांपासून लांब, मागच्या खोलीत खेळायचं. स्पास्की गेला त्या खोलीत. तो डाव हरला. फिशरकडून आयुष्यात पहिल्यांदा. सहाव्या डावात तर फिशर असा खेळला की हरलेला स्पास्की उभा राहून प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवत होता. आणि बत्तीस वर्षांनी फिशर जपानमध्ये कोठडीत होता तेव्हा याच स्पास्कीनं अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं: १९९२ मध्ये निर्बंध मोडून युगोस्लाव्हियात आम्ही दोघं खेळलो, मग गुन्हा माझाही तोच आहे, मलाही धरा, त्याच्याच कोठडीत टाका आणि एक पट द्या. १९७२ ला फिशरच्या बंदोबस्तावर असलेला आइसलँडचा पोलीस, सेमी पाल्सन, तोही इतक्या वर्षांनी त्याच्यासाठी धावाधाव करत होता. आइसलँडनं मार्च २००५ मध्ये नागरिकत्व दिलं आणि फिशर सुटला. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, झाला नाही. पण २००८ मध्ये गेला तेव्हा कोठडीत नव्हता, ज्या गावात त्याच्यासाठी माणसं उभी राहिली त्या गावात होता. मला यातला फिशर आता फारसा आवडत नाही. स्पास्की आवडतो.

आपल्याकडं भलेपणा म्हटलं की शाल, श्रीफळ आणि माइक. नाहीतर मग दया. आजारातून उठलेल्या माणसाशी सगळे हळू आवाजात बोलतात, त्याला पत्त्यांतही जिंकू देतात, आणि त्या माणसाला कळत असतं की आपल्याला खेळातून बाद केलंय. त्याच्याशी पूर्ण ताकदीनं खेळायला छाती लागते. समजा मी त्या दिवशी हरून पुन्हा ढासळलो असतो तर? सगळ्यांनी तुलाच धरलं असतं. टाकीपाशी भेटलेले ते दोघं-तिघं सगळ्यात आधी. हे तुला ठाऊक असणार, म्हणूनच तू त्या चालीला एवढा वेळ घेतलास. घड्याळात तुझी बारा मिनिटं उरली होती. पटावर तेवढा विचार करण्यासारखं काही नव्हतं रे. मी बघितलंय तो डाव कॉम्प्युटरच्या इंजिनवर लावून.

असो. तुझ्या पुतणीला घोडा आणि उंट यांतलं चांगलं कोण हे मला विचारायचंय, असं वहिनी म्हणत होत्या. रविवारी येतो. येताना चुंबकाचा पट आणतो, तोच जुना, काळा वजीर हरवलाय, त्याच्या जागी बटण आहे. मी तिच्याकडून मुद्दाम हरणार नाही हे तिला आधीच सांगून ठेव. रडली तर समजूत काढायचं काम तुझं.

तुझा,
मिरजेचा मास्तर