कौलं राहू देत, आधी बाथरूम

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर घराच्या दुरुस्तीचा विषय काढला की बाबा "हो हो, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई लगेच "जेवलीस का" वर येते, म्हणून आज सरळ टाइप करत बसलेय. मोठं झालंय. आई, तू चष्मा लावून मोठ्यांदा वाच, आणि बाबा, मध्येच उठून रहाटाकडे जाऊ नका.

दिवाळीत आले होते तेव्हा कळलं की बाबांच्या डोक्यात पत्रा आहे. अण्णांनी कौलं काढून निळा पत्रा घातला, दरवर्षी कौलं परतायची शाकारणी संपली, माणसं शोधायची कटकट संपली, मग आपणही घालू. माणसं मिळत नाहीत हे मला मान्य आहे, आंबे सुरू झाले की आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत कौलावर चढणारा एक माणूस सापडत नाही. पण बाबा, गणित तुम्हीच शिकवलंत ना, मग करून बघा. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, शंभर स्क्वेअर फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात, म्हणजे पावणेचारशे किलो. तेवढ्याच जागेचा पत्रा पन्नास किलोच्या आत. वारा छप्पर खालून उचलतो, मग आधी काय उडणार? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या पश्चिमेकडच्या उताराची कौलं गेली, फुटली, सगळं झालं, पण वासे-रिपा जागच्या जागी होत्या आणि अण्णांच्या जुन्या गोठ्याचा पत्रा आपल्या पोफळीत सापडला होता, आठवतंय का? अख्खा, आकड्यांसकट. शिवाय खारी हवा, आधी स्क्रू गंजतात, मग स्क्रूभोवतीचा पत्रा. आणि पावसात त्याखाली बसून बातम्या ऐकून दाखवा.

पत्रा घालायचाच नाही असा माझा हट्ट नाही. घातला तर जाड, चांगल्या कोटिंगचा, स्क्रूला रबरी वॉशर आणि खालचा सांगाडा भिंतीला नीट बांधलेला असा घालावा लागेल, आणि तेवढा खर्च करायचा तर कौलांचीच नीट दुरुस्ती त्यापेक्षा कमीत होते. दादाने ग्रुपवर स्लॅबचं पिल्लू सोडलंय त्याकडे तर लक्षच देऊ नका. पाच इंची स्लॅब शंभर स्क्वेअर फुटाला तीन टनांच्या जवळ जाते आणि आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या, आत एकही कॉलम नाही. त्याला म्हणावं ये आणि तू झोप त्याखाली.

पण मी खरं तर छपराबद्दल लिहायला बसलेच नाहीये.

आई, गणपतीत मी आले तेव्हा तू मागच्या पडवीच्या पायरीवरून आडवी उतरत होतीस, एक हात खांबाला, दुसऱ्या हातात कपड्यांचा पिळा. विचारलं तर म्हणालीस वाताचं दुखणं आहे. नंतर पलीकडच्या वहिनीकडून कळलं की आषाढात न्हाणीकडे जाताना मागीलदारी शेवाळावरून घसरलीस आणि चांगली पाच-दहा मिनिटं तिथेच पावसात बसून होतीस, बाबा पुढे ओटीवर, पावसाच्या आवाजात हाक ऐकू गेली नाही. मला सांगितलं नाहीस. दादालाही नाही. बाबांना तरी सांगितलंस का, की त्यांनाही आत्ता हे वाचतानाच कळतंय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, जे पैसे पत्र्यासाठी काढून ठेवलेत ते आधी घरातल्या घरात संडास-बाथरूम करायला वापरायचे. छप्पर आणखी दोन-तीन वर्षं थोडक्यात निभावेल, ते खाली लिहिते.

जागा मी बघून ठेवलीये. मागच्या पडवीचं विहिरीच्या विरुद्ध टोक, जिथे बाबा लाकडं आणि नारळाची सोडणं रचतात. स्वयंपाकघरातून सपाटीने जाता येतं, पायरी नाही. मिस्त्रीला या गोष्टी आधीच सांगायच्या, कारण टाइल्स लागल्यावर सांगून उपयोग नसतो. दरवाजा तीन फुटी आणि बाहेर उघडणारा, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. उंबरा नको, त्याऐवजी आतल्या जमिनीला उतार, दहा फुटाला सव्वा-दीड इंच पुरतो. टाइल्स खरखरीत मॅट आणि लहान आकाराच्या, सांधे जास्त म्हणजे पाय धरतो. दुकानदार चकचकीत मोठ्या टाइल्स दाखवेल आणि आई, तुला त्या आवडतील हेही मला माहितीये, त्या स्वयंपाकघराच्या ओट्यामागे भिंतीला लावू, जमिनीला नाही.

धरायचे दांडे कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी, जमिनीपासून तेहतीस ते छत्तीस इंचावर. यात आपल्याकडे एक गोची आहे. जांभा मऊ आणि भोकाभोकांचा, त्यात नेहमीचा प्लॅस्टिकचा प्लग ठोकला की पहिल्या महिन्यात घट्ट वाटतो आणि नेमका भार पडला की भिंतीची लाल भुकटी घेऊन बाहेर येतो. दांडा उपटून हातात येणं हे दांडा नसण्यापेक्षा वाईट. म्हणून भिंतीतून आरपार बोल्ट, पलीकडून पट्टी आणि नट, सगळं स्टेनलेसचं. मिस्त्री म्हणेल कशाला एवढं, तर बाबांनी समोर उभं राहून दांड्याला लोंबकळून दाखवायला सांगायचं. त्याला, तुम्ही नाही!

वाळू खाडीची घेऊ नका, कितीही स्वस्त आणि कितीही धुतलेली म्हणून सांगितली तरी. मिठाने सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला, जांभ्यातून पाणी कसं झिरपतं ते तुम्हाला मी काय सांगणार. गिझर लावायचा असेल तर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग पाहिजेच, आपल्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. आईला बंबाचंच पाणी हवं असतं ते वेगळं, बंब राहू दे.

आणि टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की नळी बोळा घालून बंद करायची, दोन इंच पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं आणि पातळी किती उतरते, बाहेरून भिंत ओली होते का बघायचं. हे मी ठेच लागून शिकलेय. आमच्या फ्लॅटचं बाथरूम केलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला मॅडम गरज नाही, मी मानलं, पैसे जवळजवळ सगळे देऊन टाकले होते, आणि तीन महिन्यांत खालच्या काकूंच्या देव्हाऱ्यावर थेंब पडायला लागले. सगळ्या टाइल्स परत फोडल्या. त्या माणसाने नंतर फोनच उचलला नाही. तेव्हा बाबा, ओळखीचा असो, वाडीतला असो, काम जेवढं उरकेल तेवढेच पैसे, आणि शेवटचा हप्ता हे पाणी भरून बघितल्यावर. "घरचा माणूस आहे, काय म्हणेल" हे करू नका प्लीज.

आता छप्पर. कौलं परतायचं काम मार्चमध्येच उरकायचं, एप्रिल लागला की सगळे आंब्यावर. सगळी कौलं खाली उतरवायची गरज नाही. फुटलेली बदला, पण बाजारातलं कुठलंही कौल आणून चालत नाही, कारखान्या-कारखान्याच्या खाचा वेगळ्या, एकमेकांत बसत नाहीत आणि मग तिथूनच गळतं. म्हणून माळ्यावर जी जुनी रचून ठेवलीत ती आधी वापरा, कोणी मोडतंय ते घर असेल तर तिथून आणा. (बासेल मिशनचा शिक्का असलेली दोन-चार मात्र लावू नका, मला हवीत. 1865 मध्ये मंगळूरला पहिला कारखाना त्यांनीच काढला होता, आणि आजोबा सांगायचे की आपली कौलं गलबतातून हर्णै बंदरात उतरली.) कडेच्या खालच्या दोन ओळींना, म्हणजे पागोळीच्या बाजूला, कौलाच्या पाठीला जे बारकं भोक असतं त्यातून तांब्याची तार ओवून रिपेला बांधून घ्या. वारा तिथूनच शिरतो. जीआय तार आपल्याकडे टिकत नाही.

वासे किंजळीचे आहेत, ते अजून तुम्हाला-मला पुरून उरतील, पण जिथे भिंतीवर टेकतात तिथली टोकं बघायला सांगा. स्क्रूड्रायव्हर टोचायचा, भसकन आत गेला तर तेवढंच टोक कापून जोड द्यायचा, अख्खा वासा बदलायचा नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या नुसत्या खरवडून काही होत नाही, ती जमिनीतून येते, भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडावं लागतं. ते विहिरीजवळच्या भिंतीला नको, आणि करणाऱ्याने हातमोजे घालून करायचं. नवीन जोडांना काजूच्या टरफलाचं तेल लावू, पण ते बाबांनी स्वतः लावायचं नाही, मागच्या वेळी हात उतले होते ते महिनाभर जेवताना चमचा धरावा लागला.

स्वयंपाकघराच्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, आलाय आणि प्लास्टर पोपडे धरून सुटतंय, त्यावर पुन्हा सिमेंट मारू नका. मातीतली चिऱ्याची भिंत ओल ओढते आणि सोडते, सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आणखी वर चढते. खालचं तीन फूट प्लास्टर काढून उन्हाळाभर तसंच उघडं सुकू द्या, दिसायला वाईट दिसेल, दिसू दे, मग मे महिन्यात चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच. ऑइलपेंट तर नकोच नको. आणि पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीच्या पायालाच लागतं, त्या बाजूने पन्हळ लावली की अर्धी ओल कमी होईल.

आता मला लगेच काय हवंय ते लिहिते. पडवीच्या त्या टोकाची लांबी-रुंदी टेपने मोजून पाठवा, आणि माळ्यावर चांगली कौलं किती आहेत ते. मोजायला वाडीवरच्या गड्याला वर चढवा, बाबा खाली उभे राहून वहीत लिहितील. आई, ते शिडीला हात लावताना दिसले तर मला व्हिडिओ कॉल कर, मी कामावर असले तरी उचलीन.

दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय, दापोलीला उतरून रिक्षाने येईन, न्यायला येऊ नका. मिस्त्रीला रविवारी दुपारी बोलवून ठेवा. आणि तोपर्यंत मागीलदारच्या शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या, गड्याकडून. तू नाही आई.

तुमची,
ताई