पोदेराचा भोंगा आणि रात्रीचा ढब्ब

बार्देश, गोवा
४ जानेवारी

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसलो की डुलकी लागते. थाप वाटेल तुला, पण नाताळापासून सलग झोप लागली ती एकाच रात्री, आणि त्या रात्री गावाची वीज गेली होती. देवाची कृपा, पलीकडच्या बारचा जनरेटरही बिघडला होता.

तू लिहितोस, "समुद्राकाठी राहतोस आणि झोप येत नाही म्हणतोस?" अरे, समुद्र ऐकू येतो कुठे! शेतापलीकडच्या काजूच्या बागेत दोन वर्षांपूर्वी बार झाला. गाण्याचे शब्द कळत नाहीत, सूर कळत नाही, येतो तो नुसता ढब्ब ढब्ब. उशीतून येतो, पलंगाच्या पायांतून येतो. फडताळातल्या बशा किणकिणायला लागल्या तेव्हा हिने मध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे घातले.

जन्मभर मुलांना ध्वनी शिकवला आणि म्हातारपणी त्याचं प्रात्यक्षिक घरी आलं. असल्या ढब्बची, म्हणजे ५० हर्ट्झच्या आवाजाची, तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. आमची निजायची खोली चार मीटरांची! तिच्या भिंती त्याला काय अडवणार? त्यात हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार, म्हणून वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. गंमत मोजण्यात आहे. आपल्या कानाला खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, कमी ऐकू येतो, म्हणून डेसिबल मोजताना 'ए' नावाची वजाबाकी लावतात, आणि ५० हर्ट्झला ती ३० डेसिबलच्या घरात जाते. म्हणजे खिडकी थरथरतेय आणि यंत्रावरचा आकडा सभ्य! निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती ओलांडली गेली तरी जेवढी छाती धडधडते तेवढं यंत्र बोलत नाही.

कायदा आहे रे. सन २००० चे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. तुझ्याकडे गणपतीत डीजेची भिंत उभी राहते ती त्या दिवसांत, निदान दिवस मोजता येतात. इथे 'बंदिस्त जागा' ही पळवाट. तीन बाजूंना काच आणि वर पत्रा ठोकला की झाली बंदिस्त! ११२ ला फोन केला की पोलिसांची गाडी येते, आवाज खाली उतरतो, गाडी वळणापलीकडे गेली की चढतो. आता मी वहीत तारीख-वेळ टिपतो, लेखी अर्ज देतो आणि पोच घेतो. या किनाऱ्यावरच्या आवाजाची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलेली आहेत, तेव्हा वही कधीतरी कामाला येईल.

तोवर उपाय आपले आपण. कापसाचे बोळे कुचकामी. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे बोटांत वळायचे, कान वर ओढून आत सारायचे. बडबड आणि झांजा जातात, खर्ज राहतोच. पंखा मोठा करतो. सगळ्यात उपयोग झाला तो पलंग हलवल्याचा. खर्ज कोपऱ्यात साठतो, भिंतीलगत जास्त, खोलीच्या मध्ये बराच कमी. मी उशा घेऊन जमिनीवर लोळत जागा शोधली. आता पलंग बरोबर मधोमध आहे. ही म्हणते, इस्पितळाच्या वॉर्डात निजल्यासारखं वाटतं. रात्री उठून पाणी प्यायला जाताना रोज गुडघा आपटतो, ते वेगळंच.

आता खरी गोष्ट सांगतो, हसू नकोस. माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. गेल्या पावसाआधी कौलं बदलली ती त्याच पैशांतून. आणि आमच्याकडे उतरणारे येतात कशाला? त्याच बारसाठी! वहीत तक्रार टिपायची आणि सकाळी त्याच गिऱ्हाइकाला चहा द्यायचा. शेजारणीचा मुलगा तिथेच गाड्या लावायला उभा असतो. ती बिचारी माझ्यासमोर आवाजाचं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

परवा तर कहर झाला. दोन मुलगे पहाटे चारला परतले. सहाला आपला पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, भोंगा पोंक पोंक करत पाव घेऊन आला. नऊ वाजता त्यांतला एक डोळे चोळत खाली येऊन म्हणाला, "अंकल, त्या सायकलवाल्याला सांगा ना, झोपमोड होते."

मी त्याला फोमचे बोळे दिले. नवीन पाकीट होतं.

तू मिरगानंतर ये. तेव्हा किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याची तात्पुरती खोपटी, उतरवलेले असतात, बारही बंद असतो, खोल्या रिकाम्या. भाडं घेणार नाही. वहिनींनाही घेऊन ये, आणि येताना चितळ्यांची बाकरवडी विसरू नकोस. गेल्या खेपेस विसरलास ते हिच्या अजून लक्षात आहे.

तुझा,
मास्तर