नाना, गाडीत आता ऊब येते

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही माझी गाडी दुरुस्त केलीत आणि पैसे घेतले नाहीत. पेढ्यांचा डबा पुढे केला तर एक पेढा उचलून डबा परत दिलात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. आपल्या खान्देशात पंधरा-वीस वर्षं जुन्या पेट्रोल गाड्या अजून दारोदारी उभ्या आहेत. त्यातल्या काहींना माझ्या गाडीचंच दुखणं असेल, असं राहून राहून वाटतं.

आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून आठवड्यातून दोनदा शिरपूर ते धुळे. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. गाडी २००७ ची. उन्हाळ्यापर्यंत सतराचं अ‍ॅव्हरेज देणारी. दिवाळीनंतर थंडी पडली आणि ती पार साडेबारावर आली. ज्याला विचारावं तो म्हणे, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या गाडीचं असंच व्हायचं. मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. फरक शून्य. शेवटी एकाने ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे धुरावरून पेट्रोल कमी-जास्त होतंय का ते सांगणाऱ्या भागाचा, नऊ हजारांचा अंदाज दिला. त्या आठवड्यात आईच्या इंजेक्शनांचे पैसे भरायचे होते, म्हणून तेवढं राहिलं.

हॉस्पिटलच्या आवारात लिंबाखाली तुमची गाठ पडली. तुम्ही शेजाऱ्यांना घेऊन आला होता, मी आईला. आत चार तास लागतात, बाहेरच्यांनी करायचं काय? मी गाऱ्हाणं सांगितलं आणि तुम्ही पहिलाच प्रश्न टाकलात, "साडेबारा कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचशेचं पेट्रोल आणि काट्याचा अंदाज, एवढाच माझा हिशेब. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तुमचा जन्म दहा लिटरला किती किलोमीटर ते मोजण्यात गेलेला. तुम्ही सांगितलं तसं केलं. टाकी फुल्ल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, पुढच्या वेळी पंप तोच, नोझलही तेच. ३७५ किलोमीटरला ३० लिटर भरले. "आता खरा आकडा हाताशी आला," म्हणालात. मग इथेनॉलचा हिशेब लावलात. जुन्या गाडीचं त्याने सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज जाईल, सतराला एक-सव्वा किलोमीटर. इथे तर साडेचार गेलेत. बाकीचे कुठे सांडतात ते शोधायचं.

चाकं आधी पाहिलीत. टायरमध्ये हवा २४ होती, ती भरून घ्यायला लावलीत. जॅक लावून मागची चाकं हाताने फिरवलीत तर उजवं जरा घासत होतं, हँडब्रेकची केबल ओढलेली. ती सैल केली. यात थोडंफार निघालं असतं, पण मूळ दुखणं तिथे नव्हतं हे तुम्हाला तेव्हाच दिसलं असावं.

कारण मग तुम्ही एक प्लग काढून हातावर घेतलात. जेमतेम महिन्याभरापूर्वी बदललेला, आणि तव्याच्या बुडासारखी काजळी. डिपस्टिक ओढून नाकाशी नेलीत, माझ्याही नेलीत. ऑइलला पेट्रोलचा वास! "टेंपरेचरचा काटा कुठे असतो रे?" मी म्हणालो, हायवेला पाव भागाच्या खालीच, गाडी तापत नाही ही तर चांगलीच गोष्ट. तुम्ही हसला नाहीत. चार तास उभं राहून गार झालेलं इंजिन चालू करायला लावलंत आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपावर पंजा ठेवलात. माझाही हात धरून ठेवलात. पहिल्या मिनिटापासूनच पाइप हळूहळू कोमट होत गेला. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅटचा वॉल्व जागेवर असता तर पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम चटका देणारा झाला असता.

"तुनी गाडीले थंडी वाजी ऱ्हायनी, भाऊ."

थर्मोस्टॅटची टोपी खोललीत. आत वॉल्वच नव्हता, रिकामी जागा.

तेव्हा मला मे महिना आठवला. सोनगीरजवळ गाडी तापली होती आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीने काहीतरी काढून "आता तापणार नाही" म्हणून सांगितलं होतं. उन्हाळाभर कळलं नाही, कारण आपलं ऊनच इंजिनाला तापवत होतं. थंडीत मात्र कॉम्प्युटरला इंजिन कायम गारच दिसलं. जुन्या गाडीचा चोक दिवसभर ओढून ठेवावा तसं तो जास्तीचं पेट्रोल देत राहिला आणि ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो इकडे त्याने लक्षच दिलं नाही. नऊ हजारांचा नवा सेन्सर बसवला असता तरी त्याचंही कोणी ऐकलं नसतं.

मी त्या मिस्त्रीला बोल लावायला लागलो तर तुम्ही अडवलंत. "भर उन्हात तुला आईसकट घरी पोचवलं त्याने." मग मे महिन्यातलं खरं कारणही दाखवलंत. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ गच्च बसली होती. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने पाणी मारत तुम्ही ती मोकळी केलीत. वॉल्व काढून ती जाळी कशी साफ होणार होती?

नवा वॉल्व साडेचारशेचा. तो आणला त्या दिवशीचा चहावाला मला विसरता येणार नाही. त्याच्याकडून पातेलं मागून घेतलंत, पाण्यात वॉल्व दोऱ्याने लटकवलात. आतलं मेण तापून फुगलं की तो उघडतो, हे तुम्ही सांगत होता आणि पाण्याला उकळी फुटायच्या आधीच पितळेची ती चकती आमच्या डोळ्यांदेखत वर सरकली. चहावाला गॅस कमी करायचा विसरून बघत राहिला. मगच बसवलात, कुलंट भरलंत, हवा काढलीत, पेट्रोल मिसळलेलं ऑइलही बदलायला लावलंत.

आकडा तुम्हाला लागतो, म्हणून देतो. परवा टाकी फुल्ल केली. ५०० किलोमीटर, ३१ लिटर. सोळाच्या वर.

पण आकड्यापेक्षा मला दुसरंच सांगायचं आहे. डायलिसिस झालं की आईला हुडहुडी भरते. महिनाभर हीटर लावायचो, त्यातून कोमट वाराच यायचा. मी समजायचो, हीटरही जुना झाला. त्याला इंजिनाकडून गरम पाणीच मिळत नव्हतं हे मला कुठे माहीत! मागच्या सीटवर ती दोन शाली आणि माझं स्वेटर घेऊन आखडून बसायची. गुरुवारी परत निघालो तेव्हा सोनगीर गेलं, नरडाणा आलं. आरशात पाहिलं तर आईने शाल काढून घडी करून मांडीवर ठेवली होती आणि तापीचा पूल येईपर्यंत ती शांत झोपली होती.

वहिनींना नमस्कार सांगा. आईने कळण्याचं पीठ काढून ठेवलंय, सोमवारी घेऊन येतो. ते मात्र परत करू नका.

आपला,
शिरपूरचा गाडीवाला