बीडीडीबद्दल, जरा सविस्तर

प्रिय संदीप,

तुझा मेसेज वाचला. वरळीच्या नव्या टॉवरचे फोटो बघून तू विचारलंस, आता मुंबईच्या बीडीडी चाळींत उरलंय काय. फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायलाच बसलो.

मुळात ह्या चाळी कोणी मायेने बांधल्या नव्हत्या रे. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, निघालं, कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायच्या ठरल्या, पैशासाठी कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर लावला, आणि झाल्या साधारण 16 हजार. वरळीला 121 इमारती, नायगावला 42, डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. त्यातही वरळीच्या खोल्या सुरुवातीला ओसच पडलेल्या, भाडं परवडेना आणि गिरण्या लांब. पुढे सविनय कायदेभंगात सरकारने तिथे सत्याग्रही कोंडले! कामगारांसाठी बांधलेलं घर तुरुंग म्हणून चालतं, यातच कळतं ते बांधताना माणसाचा किती विचार केला होता ते.

खोली 160 चौरस फुटांची, कोपऱ्यात मोरी, मजल्यावर मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं, संडास सगळ्यांत मिळून. भर दुपारीसुद्धा पॅसेजमध्ये दिवा लागायचा, आठवतं ना? पण त्याच पॅसेजमध्ये रात्री गाद्या पडायच्या, पोरं अभ्यास करायची, कोणाकडे मयत झालं तर वीसही दारं उघडी. हे सगळं लोकांनी केलं, डिपार्टमेंटने नाही.

म्हणून कोणी नुसतं "किती छान एकोपा होता" म्हणालं की मला राग येतो. 1974 ची दंगल याच चाळींत पेटली, दलित वस्तीवर दगड पडले, घरं होरपळली. मग 82 चा गिरणी संप आला आणि गिरणीचा पगारच गेला. एकोपा होता, पण तो या सगळ्यातून पुन्हा पुन्हा उभा करावा लागला.

आता त्या चाळींच्या जागी म्हाडा 500 चौरस फुटांचे फ्लॅट देतंय, ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मला मनापासून आनंद आहे, घरातला संडास हा काय शौक नाही, हक्क आहे. फक्त चाळ पाडताना तिचा इतिहास पण डेब्रिजमध्ये जाऊ नये एवढंच वाटतं.

तुझ्या आजोबांच्या नावाची जुनी भाडेपावती ट्रंकेत असेल तर फोटो काढून पाठव, मी सगळ्यांकडून गोळा करतोय. आणि काकूंना विचार, त्यांना पहिल्या भाडेकरूंची नावं आठवतात का.

तुझाच,
मन्या