विषय: डब्ल्यूपीए३ वर टॅब वायफाय धरत नाही, आणि तुम्ही पासवर्डच काढायला सांगता

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

काल संध्याकाळी तुमच्याकडे पाचवा फोन केला. तो तुमच्या माणसाने मध्येच ठेवला. म्हणून आता लेखी कळवतो.

आखाजीला नातीच्या बारावीच्या अभ्यासासाठी तुमचा टॅब घेतला. राउटर डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर असला की टॅबवर आधी 'कनेक्ट होत आहे', मग 'ऑथेंटिकेशन एरर' येतं, आणि तिथेच थांबतं. जुन्या डब्ल्यूपीए२ वर आणला की लगेच लागतो. दोन्हींच्या मिश्र मोडवर लागतो, पण दहा-पंधरा मिनिटांत तुटतो आणि नातीचा क्लास अर्ध्यात राहतो. त्याच राउटरवर, त्याच पासवर्डने माझा फोन आणि सुनेचा लॅपटॉप डब्ल्यूपीए३ वर दिवसभर चालतात. अपडेट केलं, रँडम मॅक (टॅबचा बदलता नेटवर्क-पत्ता) बंद केला, तुमच्या सांगण्यावरून फॅक्टरी रीसेटही केला. त्यात नातीच्या नोट्स गेल्या. खोक्यावर 'डब्ल्यूपीए३ सपोर्ट' तुम्हीच छापलंय.

कालचं बोलणं सांगतो. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, पासवर्ड चुकत असेल." मी म्हटलं, डोळ्याच्या खुणेवर दाबून एकेक अक्षर वाचून टाकलंय. तर म्हणे, "घरात कोणी शिकलेलं असेल तर त्यांच्याकडे फोन द्या ना." भुसावळला मी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. फोन स्पीकरवर होता, नात शेजारी बसलेली. तिने मान खाली घातली, ते मला जास्त लागलं. तरी मी विचारलं, डब्ल्यूपीए३ चं काय? बराच वेळ गाणं वाजलं, मग उत्तर आलं: "राउटरचा पासवर्डच काढून टाका. ओपन ठेवा, लगेच चालेल."

चालतो, मी दहा मिनिटं करून पाहिलंय. म्हणजे टॅबचा रेडिओ ठीक आहे, बिघाड सुरक्षेच्या हँडशेकमध्ये, म्हणजे जोडताना टॅब आणि राउटर पासवर्डची खात्री करून घेतात त्यात आहे. हे निदान मी घरी बसून केलं, ते तुमचं काम होतं. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. वायफाय उघडं ठेवलं आणि त्यावरून कोणी काही उद्योग केला, तर पोलीस माझ्या दारात येतील.

जळगावच्या सर्व्हिस सेंटरलाही भर उन्हात एसटीने जाऊन आलो. तिथे टॅब लागला, म्हणून 'नो फॉल्ट' लिहून हातात दिला. नेटवर्कच्या तपशिलात बघितलं तर त्यांचं वायफाय डब्ल्यूपीए२ चं. तिथे लागणारच! डब्ल्यूपीए३ वर लावून बघा म्हटलं, तर तशी सोय नाही म्हणाले.

सध्या नाइलाजाने राउटर डब्ल्यूपीए२ वर ठेवलाय. पण त्यात हँडशेक पकडून नेऊन पासवर्ड निवांत ओळखत बसता येतो. तेच थांबवायला २०१८ साली डब्ल्यूपीए३ आलं, आणि त्यासाठीच मी नवा राउटर घेतला होता.

१५ दिवसांत डब्ल्यूपीए३ वर चालेल असं अपडेट द्या, नाहीतर टॅबचे पैसे परत करा. नातीसमोर जे बोलले गेले त्याची माफीही लेखी हवी. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो. बिल, 'नो फॉल्ट'चा कागद आणि पाचही फोनच्या वेळा माझ्याकडे आहेत. घरातले याआधीचे दोन मोबाइल तुमच्याच कंपनीचे होते. पुढचा नसेल.

आणि पुन्हा सांगतो, पासवर्ड काढणार नाही.

तुमचा ग्राहक,
रावेर, जि. जळगाव