निव्वळ कागदावरचं कोर्ट

सॅक्रामेंटो

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताला इथल्या कोर्ट ऑफ अपीलवर न्यायाधीश व्हायचंय, आणि त्याची परीक्षा कोणती, असं तू विचारलंस. परीक्षा नाहीच. आधी जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी), मग सीनियर डिव्हिजनचा दिवाणी न्यायाधीश, अशी आपल्यासारखी शिडीही नाही. कॅलिफोर्नियाच्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या संघटनेत, १० वर्षं, किंवा तितकीच वर्षं न्यायाधीशपद, एवढी घटनेतली अट. बरेच जण सुपीरियर कोर्टातून येतात. नावावर जाऊ नकोस, सुपीरियर म्हणजे इथलं खालचं कोर्ट.

अर्ज गव्हर्नरकडे. तो नाव बारच्या तपासणी आयोगाकडे पाठवतो आणि खरी गाळणी तिथे लागते. उमेदवाराला ओळखणाऱ्या, तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलांना गोपनीय प्रश्नावली जाते. आज एखाद्याला तारखेवरून विनाकारण अडवलं, तर ते दहा वर्षांनी तिथे उगवतं. पुढे तिघांच्या समितीसमोर जाहीर सुनावणी: राज्याचे सरन्यायाधीश, अ‍ॅटर्नी जनरल आणि ज्येष्ठ पीठासीन न्यायाधीश.

नंतर मतदार. प्रतिस्पर्धी नसतो, फक्त ‘ठेवायचं की नाही’ एवढाच प्रश्न. मुदत १२ वर्षांची, पण रिकाम्या जागेवर गेलेल्याला आधीच्याची उरलेलीच मिळते. सहसा कुणी ढुंकून बघत नाही. तरी १९८६ मध्ये फाशीच्या प्रश्नावरून सरन्यायाधीश रोझ बर्ड यांच्यासह राज्याच्या सुप्रीम कोर्टातले तिघे घरी गेले. त्यांतले क्रूझ रेनोसो आमच्या या सॅक्रामेंटोच्या अपील कोर्टातूनच वर गेले होते.

आता कामाचं. साक्षीदार नाही, ज्युरी नाही. तिघांचं पीठ आणि कागद. दिवाणीत अपीलकर्त्याचं पहिलं लेखी म्हणणंच (ब्रीफ) १४,००० शब्दांपर्यंत असू शकतं. ते हातात आलं की आधी बघायचं, की खालच्या निकालाकडे कोणत्या मापाने पाहायचं. कायद्याचा प्रश्न असेल तर पाटी कोरी, खालचं मत बाजूला ठेवून नव्याने विचार. वस्तुस्थितीचा असेल तर निकालाला पुरेसा पुरावा आहे का, एवढंच. समज, सिग्नल लाल होता असं एक साक्षीदार म्हणाला आणि हिरवा होता असं तिघे म्हणाले. खाली एकावर विश्वास ठेवला. अपिलात तीन विरुद्ध एक मोजायचं नाही. त्या एकाची साक्ष विश्वासार्ह ठरण्याजोगी असेल, तर निकाल टिकतो. ट्रायल कोर्टातून आलेल्याचा हात इथे हमखास शिवशिवतो, पुरावा पुन्हा तोलावासा वाटतो.

अपिलं बुडतात ती बहुतेक साध्या कारणांनी. अपिलाला निकालाची नोटीस बजावल्यापासून ६० दिवस. दिवाणीत एक दिवस उशीर झाला की दार बंद, आपल्यासारखा विलंबमाफीचा अर्ज नाही. खाली हरकत घेतली नसेल तर मुद्दा गेला. तिसरं, दिवाणी खटल्यांत पुष्कळदा कोर्टाचा लघुलेखक नसतो. तो आपल्या खर्चाने आणला नाही तर शब्दशः नोंद नाही, आणि नोंद नाही तर खालचा निकाल बरोबर असंच धरतात. फी माफ असलेल्यांना लघुलेखक मिळालाच पाहिजे, हे ठरायला २०१८ साल उजाडलं.

तुला मजा वाटेल ती पगाराची अट. निकालासाठी राखलेलं एकही प्रकरण ९० दिवसांवर रेंगाळत नाही, असं शपथपत्र दिल्याशिवाय पगार नाही! साहजिकच निकालाचा मसुदा युक्तिवादाच्या आधीच तयार असतो. रिव्हरसाइड शहरातलं अपील कोर्टाचं पीठ तर तो वकिलांना आगाऊ पाठवतं. मला तेच प्रामाणिक वाटतं. इतरत्र वकील अर्धा तास अंधारात तलवार फिरवतो.

तेव्हा मुक्ताला भाषणबाजी नको, लिखाण करायला सांग. गरीब आरोपींची नेमून दिलेली अपिलं तिने घ्यावीत. अशा अपिलात वकिलाला मुद्दा सापडला नाही, तर १९७९ च्या ‘वेंडी’ निकालाप्रमाणे कोर्ट स्वतः सगळं रेकॉर्ड वाचतं. तसं एक रेकॉर्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून बघ म्हणावं. तिसऱ्याच दिवशी कंटाळली, तर हे काम तिचं नाही.

तिने लिहिलेलं एखादं ब्रीफ मला पाठव. लाल पेन काढून बसतो.

तुझा,
अनंत